मागच्यांना वाट द्या

कोपरगाव
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय शांतवनमामा,

सलाम. फोनवर मी काय बोलते ते तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही काय बोलता ते अख्ख्या कर्जतला ऐकू जातं, म्हणून आईच्या हुकमावरून पत्र लिहिते आहे. याआधीचं पत्र मी सातवीच्या परीक्षेत लिहिलं होतं, मुख्याध्यापकांना, आजारपणाच्या रजेसाठी. तेव्हा चुका पोटात घाला.

मी पुण्याच्या क्लबमधली नोकरी सोडून इथे आले हे आईने तुम्हाला सांगितलं असेलच. इथे काय करते ते मात्र बहुतेक चुकीचं सांगितलं असेल. चर्चमध्ये ती सगळ्यांना सांगते की पोरगी हॉकीच्या मैदानावर साहेब आहे. मी गोल्फच्या मैदानाची मॅनेजर आहे. आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन आप्पासाहेब एकदा मशिनरी बघायला परदेशी गेले, तिथे कोणीतरी त्यांना गोल्फ खेळायला नेलं, आणि परत येऊन त्यांनी नदीकडच्या उसाच्या रानात नऊ होलचं मैदान केलं. लोक परदेशातून चॉकलेटं आणतात.

खेळ सोपा आहे. चेंडू काठीने मारायचा, चालत जायचं, परत मारायचा, असं करत झेंड्याखालच्या भोकात घालायचा. चार-चार जणांच्या तुकड्या एकामागून एक सुटतात. नऊ होलला दोन तास पुष्कळ झाले. आमच्याकडे नाश्ता करून गेलेला माणूस परत येतो तेव्हा वाढपी जेवून झोपलेला असतो.

कारण मानपान. खरा नियम असा की जो झेंड्यापासून लांब त्याने आधी मारावं, नाहीतर ज्याची तयारी झाली त्याने मारावं. इथे आप्पासाहेबांच्या आधी कोणी मारत नाही. ते फोनवर असले तरी नाही. दुसरा नियम म्हणजे या खेळाचा प्राण. आपली तुकडी रेंगाळली तर बाजूला व्हायचं आणि हात करून मागच्यांना पुढे जाऊ द्यायचं. मामा, या जिल्ह्यात आजवर कोणी कोणाला आपणहून पुढे जाऊ दिलंय का? त्यातून आप्पासाहेबांच्या मागे असतात त्यांचे चुलतभाऊ काकासाहेब. कारखान्याच्या निवडणुकीपासून दोघांचं अकरा वर्षं बोलणं नाही. एकमेकांकडची लग्नं सोडली, मयती सोडल्या, पण काकासाहेब खेळायला वेळ मागतात ती बरोबर आप्पांच्या मागचीच, आणि मग कमरेवर हात ठेवून उभे राहतात. त्यांच्या मागे शिर्डीच्या हॉटेलातले पाहुणे, नाशिकचे डॉक्टर, सगळी जत्रा खोळंबलेली.

आता मुद्द्याचं. आप्पासाहेबांचा मुलगा कल्याण म्हणतो, बाहेरची माणसं कंटाळून यायची बंद झाली, हे मोडून मंगल कार्यालयाचं लॉन करू. सातव्या होलवर स्टेज, आणि तळ्यातून नवरानवरीची होडीतून एन्ट्री. आप्पासाहेबांनी मला जानेवारीतल्या स्पर्धेपर्यंत मुदत दिली आहे. त्या दिवशी सगळ्यांचा खेळ उजेडात संपला तर मैदान राहील, नाही संपला तर लॉन. लॉन झालं की मी परत पुण्याला. आई काही इथलं घर आणि इथलं चर्च सोडून येणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बाबा गेल्यापासून ती टीव्हीशी भांडत बसते. मला तिला एकटीला टाकून जायचं नाही, मामा. एवढंच आहे.

तुम्ही आयुष्यभर एसटीत कंट्रोलर म्हणून गाड्या वेळेवर सोडल्यात. काय करू सांगा.

तुमची
एंजेला


कर्जत
१६ नोव्हेंबर २०२५

चि. एंजेला हिस,

अनेक आशीर्वाद. पत्र पावले. हन्नाला सांग, तिचा भाऊ बहिरा झालेला नाही. लोक हल्ली पुटपुटतात.

गोल्फ मी टीव्हीवर पाहिलेला आहे. एक माणूस वाकून गवताकडे बघत होता. मी जेवून, हात धुऊन, परत आलो तर तोच माणूस तसाच वाकलेला होता. त्यावरून हा खेळ मुळातच लेट आहे असे माझे मत झाले. परंतु तुझ्या पोटाचा आणि माझ्या बहिणीचा प्रश्न आहे, म्हणून लक्ष घालतो.

गाडी रस्त्यावर लेट होत नसते, स्टँडवर होते. ड्रायव्हर चहा पितो, कंडक्टर पावत्या जुळवतो, आणि निघायच्या वेळेला एखादा पुढारी लांबून हात दाखवतो. याला औषध एकच, घंटा. माणूस माणसाचे ऐकत नाही, घंटेचे ऐकतो. तुमच्या कारखान्याला भोंगा असेलच. ठरावीक वेळेने एक छोटा भोंगा देत जा. भोंगा झाला की प्रत्येक तुकडी पुढच्या होलवर गेलीच पाहिजे. न गेल्यास नाव फळ्यावर.

आप्पासाहेब-काकासाहेब या प्रकरणात तू पडू नकोस. मागच्या गाडीला ओव्हरटेक करू न देणे हा पुढच्या ड्रायव्हरचा धर्म आहे. तो बदलायला मोठमोठे डेपो मॅनेजर आले आणि रिटायर होऊन गेले.

माझे बरे चालले आहे. रोज सकाळी स्टँडवर जाऊन बसतो. नवीन कंट्रोलर तरुण आहे. कुठली गाडी किती लेट आहे ते मी त्याला सांगत असतो. तो अत्यंत आदराने दुसरीकडे बघतो.

तुझा
शांतवनमामा


कोपरगाव
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय मामा,

सलाम. तुमचं औषध दिलं. रोगी बरा आहे, पण डॉक्टरला हुडकतो आहे.

कारखान्याच्या वर्कशॉपचा जुना भोंगा मी मागून आणला आणि रविवारी सकाळी चालू केला. मी एक गोष्ट विसरले. आमचे निम्मे सभासद कारखान्याचे आजी-माजी अधिकारी आहेत. उभा जन्म त्यांनी भोंगा झाला की हातातलं काम टाकून चहाला जाण्यात घालवला आहे. पहिला भोंगा झाला तशा काठ्या जिथल्या तिथे टाकून सगळे कॅन्टीनकडे निघाले. दुसऱ्या भोंग्याला परत आले, कारण दुसरा भोंगा म्हणजे सुट्टी संपली. तिसऱ्याला पुन्हा चहा. कॅन्टीनमधलं दूध संपलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पलीकडच्या रानात पाथर्डीकडून आलेली ऊसतोडणीची टोळी होती. त्यांनीही कोयते खाली ठेवून भाकरी सोडली. मग टोळीतल्या लंकाबाई कुंपणापाशी येऊन मला विचारायला लागल्या, "ताई, आज जेवायच्या इतक्या सुट्ट्या कशापायी? कारखाना इकला का काय?"

नाशिकचे डॉक्टर पाचव्या होलवरून घरी गेले. जाताना म्हणाले, यापेक्षा माझी ऑपरेशनं लवकर उरकतात. कल्याण दिवसभर खुशीत होता. संध्याकाळी तो टेप घेऊन सातवा होल मोजत होता.

एसटीत याच्याखेरीज दुसरं काही औषध असेल तर कळवा. आई म्हणते, शांतवनला विचारू नको म्हणून मी आधीच सांगितलं होतं. तिने असं काही सांगितलं नव्हतं. उलट तिनेच पेन आणून दिलं.

तुमची
एंजेला


कर्जत
८ डिसेंबर २०२५

चि. एंजेला हिस,

आशीर्वाद. दोष घंटेत नाही, माणसांत आहे. याउपर भोंग्याविषयी मी काही बोलणार नाही. हन्नाने पेन आणून दिले हे वाचून बरे वाटले.

एखादा रूट रोज लेट येऊ लागला आणि कारण कळेना, की आमच्याकडे चेकर साध्या कपड्यांत पॅसेंजर होऊन गाडीत बसत असे. तू ऑफिसात बसून लेट मोजत बसू नकोस. आप्पासाहेबांच्या तुकडीबरोबर चाल. बोलू काही नकोस. वेळ कुठे उतरतो आणि कुठे बिडी ओढतो ते नुसते बघ.

स्पर्धेला मी जातीने येणार आहे. सकाळच्या पहिल्या गाडीने निघून दुपारच्या आत पोचतो. हन्नाला सांग, मला भात चालत नाही असे डॉक्टर म्हणतात, पण त्या दिवशी चालेल.

तुझा
शांतवनमामा


कोपरगाव
२२ डिसेंबर २०२५

प्रिय मामा,

नाताळचा सलाम आधीच. आई करंज्या करते आहे, मी खाते आहे, त्यामुळे डबा काही भरत नाही.

तुमचा चेकर गाडीत बसला आणि चोर सापडला. चोर तीन आहेत. नीट ऐका.

आप्पासाहेब चेंडू मारतात. जोर अजून चांगला आहे, पण चेंडू सरळ उसात. त्याबरोबर त्यांच्या तुकडीतले तिघं एका सुरात ओरडतात, "मधोमध, आप्पा, मधोमध." लांबचं आप्पांना नीट दिसत नाही, ते मान हलवतात. मग सगळे हिरवळीवर चेंडू शोधायला जातात. तिघांतला एक गहिनीनाथ, हा पूर्वी आप्पांचा ड्रायव्हर होता, आता संचालक आहे. पायजम्याचा खिसा त्याने आतून उसवून घेतलाय. इकडेतिकडे बघत चालता चालता पायातून एक नवा कोरा चेंडू गवतात सोडतो आणि हाळी देतो, "आप्पा, हितं हाय." मला वाटलं, झालं. तर तेवढ्यात दुसऱ्या संचालकानेही आपला चेंडू सोडलेला, आणि तिसऱ्यानेही. गहिनीनाथ आधी ओरडला म्हणून ते दोघं गप्प बसतात, पण चेंडू उचलत नाहीत. न जाणो, आप्पांना आपलाच आवडला तर?

मग आप्पासाहेब येतात. एका चेंडूकडे बघतात. दुसऱ्याकडे बघतात. तिसऱ्याकडे. परत पहिल्याकडे. किती वेळ बघतात म्हणून सांगू. काठीने एकेकाला हळूच टोचून बघतात आणि शेवटी त्यातला एक मारतात. ज्याचा मारला त्याचा चेहरा खुलतो. मामा, तो माणूस चेंडू निवडत नाही, आपला माणूस निवडतो. संचालक मंडळाची मीटिंग आहे ती. आणि ही मीटिंग प्रत्येक होलला भरते.

नियमाने हरवलेला चेंडू तीन मिनिटं शोधायचा, नाही मिळाला तर हरवला म्हणायचं, एक फटका दंड घ्यायचा आणि दुसरा चेंडू मारायचा. पण आप्पासाहेबांचा चेंडू हरवला हे म्हणणार कोण? मी म्हणू का? हे तिघं खोटे चेंडू टाकतात असं त्यांना तोंडावर सांगितलं तर वेळ वाचेल, हे नक्की. माझी नोकरी वाचेल का, ते तुम्ही सांगा.

तुमची
एंजेला


कर्जत
२ जानेवारी २०२६

चि. एंजेला हिस,

नवीन वर्षाचे आशीर्वाद. करंज्यांचा डबा मिळाला. तळाशी दोन होत्या.

सांगू नकोस. साहेबाच्या तोंडावर खरे बोलणारा एक क्लार्क आमच्या डेपोत होता. सोमवारी बोलला, गुरुवारी अक्कलकुव्याला होता. शिवाय आप्पासाहेबांना हे ठाऊक असणारच. ज्या माणसाने एवढा कारखाना चालवला त्याला आपल्या अंगणातले चेंडू कळत नाहीत होय? त्यांना खेळ तोच आवडतो. राजा आपल्या दरबारात बसलेला आहे, आणि तू दरबार बरखास्त करायला निघालीस.

वेळ वाचवायचा तर गर्दीच्या आधी गाडी लाव. तूही एक चेंडू जवळ ठेव. आप्पासाहेबांनी मारला रे मारला की सर्वांच्या आधी जाऊन टाक आणि मॅनेजर या नात्याने जाहीर कर. पुढचे तिघे खिशात हात घालायच्या आत विषय संपतो. यात खोटे काही नाही. याला नियोजन म्हणतात.

१८ तारखेला भेटूच. मी आल्यावर उरलेले बघून घेऊ.

तुझा
शांतवनमामा


कोपरगाव
२० जानेवारी २०२६

प्रिय मामा,

सलाम. परवा तुम्ही आलात तेव्हा मांडवातल्या खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. उभा जन्म गाड्या वेळेवर सोडलेला माणूस आत बसलेला असताना एसटी नगरला दुपारभर बंद पडून राहिली, हे मी कोणाला सांगणार नाही. आईने सांगितलं असेल तर माझा इलाज नाही. तुम्ही भात खाऊन झोपलात आणि पहाटेच्या गाडीने गेलात, आणि लाउडस्पीकरच्या गोंधळात मी सांगितलेलं तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही. तुम्ही नुसतं "छान, छान" म्हणत होता. ते छान नव्हतं. तेव्हा लिहून कळवते.

सकाळ बरी गेली. तिसऱ्या होलवर आप्पासाहेबांनी चेंडू मारला तो उसात. "मधोमध" झालं. मी तुमच्या सल्ल्याप्रमाणे पळत पुढे गेले, खिशातला चेंडू सोडला आणि हात वर केला, "आप्पा, हा इथे आहे." पण तुमची गाडी गर्दीच्या आधी लागली नाही, मामा. गर्दी सवयीची होती. तिघांनी आपापले टाकलेच.

आप्पासाहेब आले. पहिला चेंडू बघितला, दुसरा, तिसरा. मग माझा दिसला. एकदम थांबले. काठीने चारही टोचले. तोंडावरचा रंग उतरला आणि बाकावर जाऊन बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच बाजूला ठेवलं. मला म्हणाले, "पोरी, आजवर तीन दिसायचे. आता चार दिसायले."

मला आधी कळलंच नाही. मग ते हळू आवाजात बोलत राहिले. वर्षभर त्यांना गवतात एकाचे तीन चेंडू दिसत होते. बाकी काही तीन दिसायचं नाही, माणसं एकेकच, झेंडा एकच, फक्त चेंडू तीन. हे काही साधं नाही, डोक्यात काहीतरी झालंय, असं त्यांनी मनाशी घेतलं. डॉक्टरकडे गेले नाहीत. "दावाखान्यात गेलो की गावभर व्हतंय, आन खुर्चीवर टपलेले कमी न्हाईत." म्हणून रोज चेंडूकडे बघत उभे राहायचे, यातला खरा कुठला म्हणून. मी त्याला मीटिंग म्हटलं होतं. मला माझीच लाज वाटली.

"बास झालं आता," ते म्हणाले. "कल्याणला बोलवा. कर म्हनावं तुजं लॉन."

कल्याण जवळच होता, मांडववाल्याला घेऊन. मागे काकासाहेब कमरेवर हात ठेवून उभे, त्यांच्या मागे सगळी स्पर्धा तुंबलेली. मामा, मी गप्प बसले असते तर संध्याकाळपर्यंत लॉन झालं असतं, आणि बोलले तर मी आप्पासाहेबांना फसवणारी चौथी. मी म्हणाले, "आप्पा, चौथा चेंडू तुम्हाला दिसतोय कारण तो तिथे आहे. मी टाकला. तुमचा उसात गेला."

गहिनीनाथने खिशातला हात बाहेर काढला.

"आन बाकीचे तीन?" आप्पासाहेबांनी विचारलं.

गहिनीनाथ आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "त्यातला एक माझा, आप्पा." मग दुसरा बोलला, मग तिसरा. लग्नात नाव घ्यायला लावल्यासारखे खाली मान घालून एकेक बोलले.

"म्हंजी डोकं ठीक हाय माजं?"

"डोकं ठीक आहे," मी म्हणाले. "लांबचं दिसत नाही, ते डॉक्टरला दाखवा. आणि आप्पा, आता उठा किंवा मागच्यांना वाट द्या."

हे शेवटचं मी कसं बोलले मला माहीत नाही. आप्पासाहेब माझ्याकडे बघत बसले. मला वाटलं, अक्कलकुवा. पण ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग गहिनीनाथला एक शिवी दिली जी मी तुम्हाला लिहू शकत नाही, आईला मात्र सांगितली. तिने ती दोनदा म्हणायला लावली.

मग त्यांनी काकासाहेबांना हात केला. पुढे जा म्हणून.

काकासाहेबांना वाटलं, यात काहीतरी डाव आहे. ते चालत आले. "काय झालं?" अकरा वर्षांतलं पहिलं बोलणं हे. आप्पासाहेब म्हणाले, "मला टाईम लागंल. तुमी व्हा म्होरं." काकासाहेब म्हणाले, "न्हाई, न्हाई, तुमी थोरले, आदी तुमी." "अवो जावा की." "आसं कसं, तुमचा मान." मामा, भांडत होते तेव्हा बरं होतं. दोघं वाट देत उभे राहिले आणि रस्ता पूर्णच बंद झाला. शेवटी मी दोघांना सांगितलं की दोघंही बाकावर बसा. आणि ते बसले. दोघांच्या तुकड्यांनाही मी तिथेच बसवलं, आणि नाशिकच्या डॉक्टरांना पुढे काढलं.

त्यानंतर जे झालं ते मी पुण्यातही पाहिलं नव्हतं. एकेक तुकडी यायची, मारायची, जायची. ते दोघं बाकावर बसून प्रत्येकाला हात करायचे, "चला, चला, उरका." मधे काय बोलत होते कोण जाणे, पण काकासाहेब आप्पांच्या डोळ्यासमोर बोटं धरून किती म्हणून विचारताना मी पाहिलं. सूर्य नदीपलीकडे टेकायच्या आधी शेवटची तुकडी शेवटच्या झेंड्यावरून परत आली होती.

कल्याण पुढे आला. म्हणाला, "संपलं कुठं? आप्पांची आणि काकांची तुकडी तिसऱ्यालाच बसलीय. सगळ्यांचं संपलं तर, असं ठरलं होतं." त्याचं खरं होतं. मी मनात पुण्याची बॅग भरायलाही घेतली होती.

आप्पासाहेब बाकावरून उठले. एवढ्या वर्षांत हा माणूस एकही निवडणूक हरलेला नाही, एवढं लक्षात घ्या. मला म्हणाले, "ल्ही. आमची तुकडी बाद." काकासाहेबांनी काठी खाली ठेवली. "आमची बी बाद ल्ही." कल्याणकडे बघून आप्पासाहेब म्हणाले, "बादवाल्यांचा खेळ धरत न्हाईत. बाकी समद्यांचा संपला. मांडववाल्याला च्या पाज आन घरी धाड."

मैदान राहिलं, मामा. मी राहिले. तुम्ही मागून येत होतात, मी आधी घरी पोचले, तेव्हा आई दारातच उभी होती. मी मान हलवली तर आत गेली आणि टीव्ही बंद केला. मग बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. ती रडत होती, हे तुम्हाला म्हणून सांगते.

आज सकाळी आप्पासाहेबांनी मला बोलावून घेतलं. गहिनीनाथला त्यांनी खिसे शिवून यायला सांगितलंय. डॉक्टरची वेळ परवाची आहे, काकासाहेब बरोबर जाणार आहेत. मला म्हणाले, तू माझ्या बाजूने चालायचं आणि जे दिसेल ते बोलायचं. पहिल्याच होलवर त्यांनी चेंडू मारला. मस्त बसला, आवाजच सांगत होता. वर गेला, वळला आणि उसात.

"कुठं ग्येला?" त्यांनी विचारलं.

तिघं माझ्याकडे बघत होते. "गेला, आप्पा. उसात."

"मंग हुबी का ऱ्हायलीस?" ते म्हणाले. "दुसरा दे, आन चल की म्होरं."

तुमची
एंजेला